बंद खोलीतली आजी

दिवाळी अंकात संगणकावर लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात कुलूपकिल्ली वाढण्यासारखे आहे, हे मी जाणतो. पण या पानाचा धंदा शब्दांचा. आणि ज्या शब्दांपुढे भली शिकलेली माणसे हात टेकतात, ते संगणकाचे नकारार्थी शब्द मराठीच्या प्राध्यापकाने समजावून सांगू नयेत, असा काही नियम नाही.

आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा निघाला. मिरचीचा बाजार आणि तोरणमाळ यांखेरीज पुणे-मुंबईकडच्या लोकांना आमची फारशी माहिती नसते. २०१० साली देशातले पहिले आधार क्रमांक शहादे तालुक्यातल्या टेंभली गावी वाटले गेले, तेव्हा चार दिवस आमचे नाव वर्तमानपत्रांत गाजले. माणसांना क्रमांक मिळाले. त्यांच्या बोलींतल्या शब्दांना मात्र साधी वहीही मिळाली नव्हती. भिल्ली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी – माझ्या एका वर्गात इतक्या भाषा बाकांवर बसतात. म्हणून मी विद्यार्थ्यांना सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांकडून गाणी नि शब्द मुद्रित करून आणायला सांगतो. हा सारा ऐवज आमच्या विभागातल्या एका जुन्या संगणकात आहे. त्यावर लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ती सुरू केली, आणि आज जगातले मोठमोठे महासंगणक तिच्यावरच चालतात. आमच्याकडे ती आली ती मात्र केवळ फुकट म्हणून.

पुण्याच्या माझ्या भाच्याने त्या यंत्रात दुरून शिरण्याची सोय करून ठेवली होती. गेल्या वर्षी भाऊबिजेला मी बहिणीकडे पुण्यास असताना धडगावकडच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. आजी श्रावणात गेली. आजीचे गाणे होते तो तिचा फोन पाण्यात पडून खराब झाला. काका मंडळी दुसऱ्या दिवशी पहाटे गुजरातेत ऊसतोडीला निघायची होती. ती होळीलाच परतणार. "सर, जायच्या आधी त्यांना एकदा ऐकवायचं आहे." महाविद्यालयाला सुट्टी, खोलीला कुलूप, आणि मध्ये ४०० किलोमीटरांहून अधिक वाट.

भाच्याने आपला लॅपटॉप उघडून एसएसएच नावाची आज्ञा दिली. दूरच्या यंत्राशी गुप्त भाषेत बोलण्याची ही रीत हेलसिंकीच्या टाटू इलोनेन यांनी १९९५ साली काढली. त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणी चोरून लोकांचे परवलीचे शब्द टिपले, तेव्हा त्यांना ती सुचली. त्यापूर्वी परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई. पोस्टकार्डावर तिजोरीचा आकडा लिहावा, तसा!

पहिले उत्तर आले, 'कनेक्शन टाइम्ड आउट'. म्हणजे दार ठोठावले, पण आतून हूं की चूं नाही. घरात कोणी नसेल, पत्ता चुकला असेल, किंवा देवडीवरचा पहारेकरी आपले येणे मुकाट्याने गिळत असेल. या पहारेकऱ्याला फायरवॉल म्हणतात. मी आमच्या वॉचमनला फोन केला. "सर, सुट्टी आहे म्हणून मेन स्विच बंद आहे ना!" म्हणाला, आणि बिचाऱ्याने लगेच जाऊन सगळी बटणे वर केली.

दुसऱ्या खेपेस उत्तर बदलले : 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. मी हिरमुसलो, पण भाचा खूश. "मामा, ही चांगली खूण आहे. यंत्र जागं झालंय. आतला नोकर अजून दाराशी पोचला नाही, इतकंच." नकारातही पायऱ्या असतात, हे मला तेव्हा कळले. गप्प राहणारे दार आणि 'नाही' म्हणणारे दार यांत दुसरेच बरे. तिथे निदान कोणीतरी आहे. दोन मिनिटांनी सेवा सुरू झाली आणि आम्ही आत शिरलो.

तिसरा नकार 'परमिशन डिनाइड' हा आम्हाला त्या दिवशी भेटला नाही. पण पुष्कळांना तोच छळतो, म्हणून सांगून टाकतो. यात दार उघडते, पण आतला माणूस ओळख देत नाही. हल्ली परवलीच्या शब्दाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरतात. त्यातली सार्वजनिक किल्ली म्हणजे खरे तर कुलूपच; ते दूरच्या यंत्रावर खुशाल अडकवावे. खासगी किल्ली मात्र जुन्या लोकांनी जानव्याला बांधावी तशी आपल्यापाशीच ठेवायची. गंमत अशी, की कुलूप ठेवलेल्या कप्प्यात इतरांना हात घालण्याची मुभा राहिलेली असेल, तर एसएसएच त्या कुलपावरही विश्वास ठेवत नाही. किल्ली बरोबर, कुलूप बरोबर, तरी दार बंद! माणसे अशा वेळी किल्ल्यांमागून किल्ल्या बदलत बसतात. दुरुस्ती असते कप्प्याच्या परवानगीत. आणि 'यजमानाची ओळख बदलली आहे' असा मोठ्या अक्षरांतला इशारा आला, तर तो झटकून पुढे जाऊ नये. यंत्रावर प्रणाली नव्याने घातली असेल, नाहीतर वाटेत कोणी यजमानाचे सोंग घेऊन बसला असेल. तिथल्या माणसाला फोन करून खूण पडताळावी.

असो. आजीचे गाणे तासाभराच्या एका मुद्रणात होते. पाड्यावरच्या तिघी म्हाताऱ्यांनी आळीपाळीने गायिले होते. त्यातला आजीचा भाग तेवढा कापायचा, म्हणजे ध्वनीच्या लाटा दाखवणारी खिडकी डोळ्यांपुढे हवी. भाचा म्हणाला, "एवढी मोठी फाइल ओढत बसण्यापेक्षा तिथेच कापू." खिडकी उघडायला सांगितली, तर 'कान्ट ओपन डिस्प्ले'.

इथे मला एक नवलाची गोष्ट कळली. लिनक्सवर चित्रे काढणारी एक्स नावाची पद्धत अमेरिकेतल्या एमआयटीत १९८४ साली जन्मली. तिच्यात नावे उलटी आहेत. ज्याला सेवक म्हणतात, तो दूर नसतो. तो तुमच्या पुढ्यातला पडदा. दूरचा कार्यक्रम हा गिऱ्हाईक. तो नंदुरबारहून हुकूम सोडतो, "इथे चौकट काढ, इथे रेघ ओढ", आणि पुण्याचा पडदा खाणावळीतल्या वाढप्यासारखा हुकूम पाळतो. पण कोणाही अनोळख्याने येऊन हुकूम सोडू नयेत, म्हणून ओळखीची एक चिठ्ठी लागते. ती सांभाळणारा एक्सऑथ नावाचा छोटा कारकून आमच्या यंत्रावर बसवलेलाच नव्हता. भाच्याने तो बसवला, बाहेर पडून पुन्हा आत शिरला. डिस्प्लेचा पत्ता एसएसएच स्वतःच लिहिते. लोक तो हाताने लिहायला जातात आणि घोटाळा वाढवतात.

खिडकी उघडली. हळूहळू, कडी-कोयंडा कुरकुरावा तशी. कारण एकेका रेघेची ये-जा एवढ्या लांबून होत होती. लाटा दिसल्या. भाच्याने बटण दाबले. रेघ सरकू लागली, आवाज मात्र नाही. त्याने आवाज वाढवला. तरी शांतता. पुन्हा वाढवला. एवढ्यात माझा फोन वाजला. वॉचमन होता, आणि त्याचा स्वर कापरा होता. "सर, तुमच्या खोलीला कुलूप आहे, आणि आत कोणी म्हातारी गाते आहे!"

एक्सची वाट चित्रे आणते, आवाज आणत नाही. आजी जिथे ठेवली होती तिथेच, कुलूपबंद खोलीत, मोठ्याने गात होती. मी वॉचमनला सारे समजावले. तो क्षणभर थांबून म्हणाला, "मग राहू द्या चालू. चांगलं गाते." आम्ही ते कडवे संपेपर्यंत बंद केले नाही. पुण्यात आम्ही तिघे सरकती रेघ पाहत बसलो. ऐकत होता तो एकटाच, चारशे किलोमीटर पलीकडे, व्हरांड्यात.

मग भाच्याने सरळ एसएसएचच्याच वाटेने अख्खी फाइल पुण्याला आणली, आपल्या यंत्रावर कापली आणि रात्री साडेनऊला धाडून दिली. ती मुलगी फोनला रेंज मिळते त्या टेकाडावर काकांना घेऊन उभी होती.

सुट्टीनंतर ती वही घेऊन आली. गाण्यातली दोन कडवी तिच्या आईलाही येत नव्हती, ती तिने ऐकून ऐकून उतरवली होती. एक शब्द तिला अडला आहे. तो तिच्या थोरल्या काकांना ठाऊक असावा; ते होळीला येतील तेव्हा ती विचारणार होती.