विश्लेषण : शिक्षण-स्टार्टअपचा अभियांत्रिकी प्रमुख कसा असावा? शिरूर-दौंडच्या पालकांचा त्याच्याशी संबंध काय?

मुलांसाठी अभ्यासाचे अ‍ॅप बनवणाऱ्या नव्या कंपनीत सर्वांत महागडी नेमणूक बहुधा अभियांत्रिकी प्रमुखाची असते. जाहिरातीचा मजकूर साधारण ठरलेला : दहा-बारा वर्षांचा अनुभव, बड्या कंपनीतले काम, लाखो वापरकर्ते सांभाळल्याचा दाखला. पुण्यात असा माणूस शोधायला फार लांब जावे लागत नाही. खराडीच्या आयटी पार्कमध्ये असे अनेक आहेत. खराडीवरून जाणारा नगर रस्ताच पुढे शिक्रापूर, रांजणगाव ओलांडून शिरूरला पोहोचतो. पण खराडीत बसून बनवलेले अ‍ॅप त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला किंवा सोलापूर रस्त्याने यवत, पाटसकडे गेल्यावर दौंड तालुक्यात चालेल का, हे या दाखल्यांवरून कळत नाही. आणि चालले नाही, तर भुर्दंड पालकांना बसतो.

या पदाचे काम नेमके काय?

संस्थापक अनेकदा शिक्षक किंवा व्यवसायातले असतात. त्यांना संगणकाचा कोड वाचता येत नाही, म्हणून ते उमेदवाराच्या बायोडेटावरील कंपनीच्या नावावर विसंबतात. इथेच गफलत होते. बड्या कंपनीत चाचणीचा चमू वेगळा, सर्व्हर सांभाळणारे वेगळे, डिझाइनवाले वेगळे. तिथून आलेला माणूस आठ जणांच्या कंपनीतही आधी माणसे मागतो. वर्षभरात आठाचे तीस होतात, गुंतवणूकदाराचा पैसा पगारात जातो आणि अ‍ॅप जिथल्या तिथे राहते. उलटही घडते. पहिला प्रोग्रामर कॉलेजचा मित्र असतो, त्याला पहिल्याच दिवशी ‘सीटीओ’ म्हटले जाते. पुढे काम त्याच्या आवाक्याबाहेर गेले तरी पद काढून घेता येत नाही.

सुरुवातीच्या दोन वर्षांत या माणसाचे खरे काम एकच असते : काय बनवायचे नाही, हे ठरवणे. त्यासाठी अ‍ॅप कोणाच्या हातात पडणार, हे ठाऊक असावे लागते.

शिरूर-दौंडमध्ये वेगळे काय?

ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयोगटाच्या जवळपास ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे ‘असर २०२४’ या अहवालात नोंदले आहे. स्टार्टअपच्या सादरीकरणात हा आकडा हमखास असतो. मात्र घरी फोन असणे आणि मुलाच्या हाती फोन असणे यांत फरक आहे. वडील रांजणगावच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला गेले, की फोनही त्यांच्यासोबत जातो. घरात दोन-तीन भावंडे आणि फोन एक. कित्येक अ‍ॅपमध्ये मात्र एका मोबाइल क्रमांकावर एकच विद्यार्थी नोंदता येतो. धाकट्याने गणित सोडवले, तर थोरलीची इयत्ता बदलते!

दौंडचा प्रश्न आणखी अवघड आहे. हा उसाचा पट्टा. गळीत हंगाम सुरू झाला, की बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड कुटुंबे टोळीने येतात आणि कोप्यांत राहतात. सोबत मुलेही असतात. दिवाळीपर्यंत गावच्या शाळेत असलेले मूल पुढचे चार-पाच महिने साखर कारखान्याच्या परिसरात काढते, कधी साखरशाळेत, कधी कुठेच नाही. त्या काळात रिचार्ज संपतो, कधी सिमकार्डही बदलते. मुलाचे खाते शाळेच्या क्रमांकाला आणि पालकाच्या सिमला बांधलेले असेल, तर त्याचा सहा महिन्यांचा अभ्यास अ‍ॅपच्या लेखी पुसला गेला. ही तांत्रिक चूक नाही, कारण कोड बरोबर चालतो. मूल जागा बदलते, हे गृहीतच धरलेले नाही एवढेच. मोठ्या कंपनीतला वीस वर्षांचा अनुभवही हे आपोआप शिकवत नाही.

साधी युक्ती कोणी काढली?

महाराष्ट्रातले सर्वांत गाजलेले उदाहरण कंपनीतून आलेले नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०१७ मध्ये राज्याने ही कल्पना स्वीकारली आणि २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. मूल पुस्तक उघडतेच, दार तिथेच ठेवा, इतका साधा विचार त्यामागे होता. परदेशातही असेच घडले. खान अकादमीत प्रशिक्षणार्थी राहिलेल्या जेमी अलेक्झांडर यांनी २०१२ मध्ये इंटरनेटशिवाय चालणारी ‘केए लाइट’ ही प्रणाली उभी केली. पुढे त्यातूनच ‘कोलिब्री’ आली.

शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा काचेच्या वर्गखोल्यांसाठी आणि सौरऊर्जेसाठी प्रसिद्ध झाली. पाहायला येणारे टॅबलेटचे फोटो काढून नेतात. ती शाळा उभी राहिली ती मात्र शिक्षक आणि गावकऱ्यांच्या कित्येक वर्षांच्या एकत्र कामातून. उपकरण कोणते घ्यायचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

बायजूजकडे अभियंते कमी होते का?

अजिबात नाही. ऑगस्ट २०२० मध्ये या कंपनीने मुंबईची ‘व्हाइटहॅट ज्युनियर’ ३० कोटी डॉलरना विकत घेतली. २०२२ मध्ये तिचे स्वतःचे मूल्यांकन २२०० कोटी डॉलरवर गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने विक्रीच्या पद्धतींवरून संस्थापकांना बोलावणे धाडले आणि जुलै २०२४ मध्ये बीसीसीआयच्या सुमारे १५८ कोटींच्या थकबाकीवरून कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. घसरणीची कारणे अनेक आहेत, पण आक्रमक विक्रीची तक्रार पालकांकडून सतत येत होती. अभियांत्रिकी प्रमुख विक्रीप्रमुखाला ‘हे आपले अ‍ॅप करत नाही, ते विकू नका’ असे सांगू शकतो का, हे नेमणुकीआधी तपासले पाहिजे. तो अधिकार नसेल, तर तो केवळ महागडा कंत्राटदार ठरतो.

मग निवड कशी करावी?

फळ्यावर कोडी घालणाऱ्या मुलाखतीतून यातले काही कळत नाही. त्यापेक्षा उमेदवाराला मोबदला देऊन आठवडाभराचे खरे काम द्यावे आणि त्यातले दोन दिवस दोनशिक्षकी शाळेत घालवायला सांगावे, सोबत पालकांकडे असतो तसा स्वस्तातला, स्टोरेज भरलेला फोन देऊन. परत आल्यावर तो काय जोडायचे सांगतो, यापेक्षा काय काढून टाकायचे सांगतो ते ऐकावे. ‘ऊसतोड कामगाराची मुलगी नोव्हेंबरात दौंडला आली, तिचे खाते कसे चालेल?’ हा एक प्रश्न तासाभराच्या मुलाखतीला पुरेसा आहे. चांगला उमेदवार लगेच उत्तर देणार नाही. तो आधी शिक्षकांना आणि मुकादमाला काय विचारायचे, ते सांगेल. चौकशी करताना त्याच्या जुन्या साहेबांइतकेच त्याच्या हाताखाली काम केलेल्यांशीही बोलावे.

असा माणूस पगारात परवडत नाही, अशी संस्थापकांची तक्रार असते. ती खरी आहे. त्यावर पहिली दोन वर्षे कोड स्वतः लिहिणारा अनुभवी अभियंता घ्यावा, पदनाम साधे ठेवावे आणि कंपनीत भागीदारी द्यावी, हा मार्ग अधिक शहाणपणाचा.

मुलांच्या माहितीची जबाबदारी कोणाची?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. त्याच्या वर्तनावर पाळत आणि त्याला लक्ष्य करणाऱ्या जाहिराती यांना मनाई आहे. उल्लंघन झाल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक बंधनांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. शैक्षणिक संस्थांना काही सवलती आहेत, पण खासगी अ‍ॅप कंपनीने त्या आपल्यालाही आपोआप लागू आहेत असे धरणे धोक्याचे. सही-अंगठ्याच्या घरात ही संमती कशी घ्यायची, ओटीपी आलेला फोन भलत्याच्याच हातात असेल तर काय, याचे उत्तर वकिलाआधी अभियांत्रिकी प्रमुखाला द्यावे लागेल. शाळेत अ‍ॅप घेण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीने कंपनीकडून त्याचे नाव आणि हे उत्तर, दोन्ही लेखी मागावे.