घन, द्रव, वायू आणि अपडेट

मा. मंत्री, ग्राहक व्यवहार, भारत सरकार यांस,



पनवेलला माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. जून-जुलै हा आमचा सुगीचा काळ. अकरावीचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. शटर वर जायच्या आधीच पायरीवर फायली घेऊन माणसं उभी. अशाच एका सकाळी काँप्युटरने आपल्या मनाने अपडेट घ्यायला सुरुवात केली. निळा पडदा, गोल फिरणारे ठिपके, ‘काँप्युटर बंद करू नका’ ही ताकीद. ३५ टक्क्यांवर जे अडलं ते अडलंच. त्यात पावसाने वीज गेली. वीज आल्यावर ‘बदल मागे घेत आहोत’, रीस्टार्ट, पुन्हा तेच. अखेर मशीन चालू झालं, पण अंगठ्याचा स्कॅनर ओळखेना आणि प्रिंटर कायमचा ‘ऑफलाइन’. एका बाईंनी विचारलं, "दादा, आज शेवटची तारीख आहे, होईल ना?" मी त्यांना शेजारच्या दुकानात पाठवलं.

मग कंपनीचं मदतकेंद्र. नाव लिहीत नाही. हिंदीसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. मराठीसाठी काहीच नाही. पलीकडचा मुलगा नम्र होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याच्यासमोरच्या कागदावर पहिली ओळ ‘रीस्टार्ट करा’ आणि शेवटची ‘रीसेट करा, डेटाची जबाबदारी तुमची’ अशी असावी. मधलं काही त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं. संध्याकाळी एसएमएस आला: तुमची तक्रार निकाली काढली आहे, कृपया आम्हाला पाच तारे द्या.

कायद्यात दाद आहे का, हे मी मग वाचून काढलं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई उत्पादकाकडून मागता येते. छान. पण कलम २(३३) मधलं ‘उत्पादन’ म्हणजे वस्तू, पदार्थ, कच्चा माल. वायू, द्रव किंवा घन अवस्थेतला. माझ्या काँप्युटरमध्ये आपोआप शिरलेलं अपडेट या तिन्हींपैकी कशात बसवायचं? गंमत अशी, की विक्रीकर घेताना हा प्रश्न आडवा आला नाही. टाटा कन्सल्टन्सीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच तयार सॉफ्टवेअरला ‘माल’ मानलं. म्हणजे कर लावताना माल, भरपाई मागताना हवा!

‘सेवेतील त्रुटी’ म्हणून भांडता येईल, हे मला ठाऊक आहे. पण तिथे कंपनी आपला परवाना-करार पुढे करते, जो वाचायला कोणी थांबत नाही, आणि नाही म्हणायची सोयही नसते. तो करारच अन्यायकारक आहे असं म्हणायचं तर जिल्हा ग्राहक आयोग चालत नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं. एका प्रिंटरसाठी?

हे फक्त छोट्या दुकानदाराचं रडगाणं नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं कोलमडली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ मध्ये फोन मंदावणाऱ्या अपडेटांबद्दल ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला. युरोपीय संघाने तर २०२४ च्या नव्या निर्देशात सॉफ्टवेअरला स्पष्टपणे उत्पादन ठरवलं, आणि सदस्य देशांना तो डिसेंबर २०२६ पर्यंत आपापल्या कायद्यात आणायचा आहे.

तुमच्या खात्याच्या १९१५ या हेल्पलाइनवर मराठीसह १७ भाषांत बोलता येतं. सरकारला जमतं ते कंपन्यांना न जमायला काय झालं? शिवाय अधिकृत माणूस भेटेना की लोक इंटरनेटवर नंबर शोधतात आणि नेमके भामट्यांच्या हाती लागतात.

म्हणून मागणं थोडकं आहे. कलम २(३३) मध्ये ‘सॉफ्टवेअर आणि त्याची अपडेट’ हे शब्द घाला. अपडेट कधी घ्यायचं आणि बिघडलं तर आधीच्या स्थितीत कसं जायचं, हे ठरवण्याचा हक्क ग्राहकाला द्या. आणि ग्राहकाने ‘झालं’ म्हटल्याशिवाय कोणतीही तक्रार निकाली काढता येणार नाही, असा नियम करा. येत्या अधिवेशनात हे मांडावं, ही विनंती.

आपला,
पनवेलचा एक फॉर्मवाला