सख्त म्हणजे मजबूत नव्हे

महागड्या घड्याळांच्या जाहिरातीत एक शब्द फार स्वस्त झाला आहे. तो शब्द म्हणजे टिकाऊ. सिरॅमिकचं घड्याळ टिकाऊ, सफायरचं टिकाऊ, कार्बनचं टिकाऊ. मला हे मान्य नाही. सिरॅमिक आणि सफायरवर सहज ओरखडा उठत नाही हे खरं आहे, पण ओरखडा न उठणं आणि टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि या एका शब्दाच्या आडून आपल्यातले काही लोक उधळपट्टीला शहाणपण आणि परहेजगारी अशी दोन्ही नावं देतात, म्हणून हा लेख.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, तेव्हा शब्दांपासूनच सुरुवात करतो. सख्त म्हणजे ज्यावर चरा पडत नाही ते. मजबूत म्हणजे मार खाऊनही जे तुटत नाही ते. पायदार म्हणजे जे वर्षानुवर्षं पायावर उभं राहतं ते. चिनी मातीची बशी सख्त असते, पण फरशीवर पडली की तिचे तुकडे गोळा करावे लागतात. स्टीलच्या ताटलीला चरे पडतात, पोचे येतात, तरी आईच्या लग्नातली ताटली आजही घरात चालते. सख्त कोण आणि पायदार कोण, हे स्वयंपाकघरात सगळ्यांना कळतं. घड्याळाच्या दुकानात मात्र आपण ते विसरतो.

आता आकडे बघू. घड्याळाच्या केससाठी, म्हणजे यंत्राभोवतीच्या बाहेरच्या कवचासाठी, 316एल जातीचं स्टील सर्रास वापरतात. काठिण्य मोजण्याच्या विकर्स मापावर ते साधारण 150 ते 200 भरतं. झिर्कोनियम ऑक्साइडचं सिरॅमिक 1200च्या आसपास, तर सफायर 2000च्या आसपास जातं. आपल्या रोजच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. ते स्टीलपेक्षा कठीण, म्हणून स्टीलवर चरे पडतात. सिरॅमिक आणि सफायर गारगोटीहून कठीण, म्हणून ती दहा वर्षांनीही नवीकोरी दिसतात. इथवर जाहिरात खरं बोलते.

पुढचं ती बोलत नाही. धातूवर घाव बसला की त्याचे अणू जागचे सरकतात, धातू दबतो आणि घाव पचवतो. पोचा म्हणजे त्या पचवण्याची खूण. सिरॅमिकला असं दबता येत नाही. घाव सोसवेना की त्याला सरळ तडा जातो. झिर्कोनिया हे सिरॅमिकच्या कुळात चिवट मानलं जातं हे कबूल, पण स्टीलच्या चिवटपणाच्या ते जवळपासही येत नाही. मनगटावर सुंदर दिसणारी वस्तू न्हाणीघराच्या फरशीवर कानाकोपऱ्यावर पडली, तर काय होईल हे नशिबावर राहतं.

हा खेळ नवा नाही. राडोने 1962मध्ये टंगस्टन कार्बाइडच्या कठीण मिश्रणाचं डायास्टार काढलं आणि ओरखडा न पडण्याचीच जाहिरात केली. आयडब्ल्यूसीने 1986मध्ये दा विंची घड्याळाला सिरॅमिकची केस दिली. रिचर्ड मिलने 2012मध्ये सबंध केसच सफायरची केली. घड्याळं फक्त पाच, आणि एकेकाची किंमत सोळा लाख डॉलरच्या वर. कारागिरी म्हणून हे थक्क करणारं आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद टिकाऊ या शब्दाबद्दल आहे.

टिकण्याची खरी कसोटी वस्तू बिघडल्यावर लागते. स्टीलची केस चरली तर नाक्यावरचा घडीसाज चाकावर घासून पॉलिश करून देतो. खोल पोचा असेल तर कसबी कारागीर धातू भरूनही देतात. सिरॅमिकच्या तड्याला पॉलिश नाही, डाग देणं नाही, ठोकून सरळ करणं नाही. केस बदलणं हा एकच उपाय, आणि ती फक्त कंपनीकडेच मिळणार. म्हणजे घड्याळ तुमच्या मालकीचं, पण त्याचं आयुष्य कंपनीच्या हाती. रोमॅं जेरोम या स्विस कंपनीने टायटॅनिकच्या गंजलेल्या पोलादाचा अंश मिसळून घड्याळं विकली होती. ती कंपनी 2020मध्ये दिवाळखोरीत गेली. आता त्या घड्याळाची केस फुटली, तर बदली कवच कुठून आणायचं?

कोणी म्हणेल, मग सफायर वाईटच का? नाही. घड्याळाच्या तोंडावरची काच सफायरची असावी, कारण ती फुटली तर काच तेवढी बदलता येते. टायटॅनियमही चांगलं. स्टीलच्या जवळजवळ निम्म्या वजनाचं, आणि निकेलने ज्यांच्या त्वचेला खाज सुटते त्यांच्या सोयीचं. माझी तक्रार पदार्थाशी नाही, त्याच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या अर्धवट गोष्टीशी आहे.

टिकाऊपणाच हवा असेल तर त्याचं उदाहरण 1983पासून बाजारात आहे. कॅसिओच्या किकुओ इबे यांनी जी-शॉक बनवताना तीन अटी घातल्या होत्या: दहा मीटरवरून पडलं तरी चालावं, दहा बार पाण्याचा दाब सोसावा, बॅटरी दहा वर्षं टिकावी. त्यांनी कठीण कवच शोधलं नाही. बाहेर मऊ रेझिन ठेवलं आणि आतलं यंत्र जवळपास तरंगतं ठेवलं. ते रेझिन काही वर्षांनी तडकतं, पण बदलून मिळतं. घाव पचवण्याचं तत्त्व तेच आहे, आणि किंमत पगारदाराच्या आवाक्यात.

आता आपल्या घरातली गोष्ट. पुरुषांना सोनं मना आहे, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. त्यामुळे काही जण मोठ्या समाधानाने सांगतात, "सोन्याचं नाही भाई, सिरॅमिकचं आहे. आणि टिकाऊ आहे, एकदाच घ्यायचं." सोनं टाळलं, पण ज्या मिरवण्यापासून माणसाने दूर राहावं ते लाखांच्या किमतीत तसंच्या तसं मनगटावर आलं. सोन्याचा नियम धातू बघतो. इस्राफचा नियम धातू बघत नाही, खर्च बघतो आणि नियत बघतो. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत आखाताची कमाई येते. ती कमाई चाळीस-पंचेचाळीस अंश उन्हात उभं राहून केलेली असते. त्यातून भाच्याची फी भरायची, बहिणीचं घर सावरायचं, की न चरणारी पण फुटणारी वस्तू बांधून गावाला दाखवायची, हा प्रश्न टिकाऊपणाचं नाव घेऊन टळत नाही.

ज्याच्याकडे हलालचा पैसा आहे, जकात दिलेली आहे आणि हौस आहे, त्याने खुशाल घ्यावं. फक्त हौस म्हणून घ्यावं आणि हौसच म्हणावं. आणि घेण्याआधी दुकानदाराला तीन प्रश्न विचारावेत: ही केस फुटली तर दुरुस्त होईल का? बदली केस किती वर्षं मिळेल, आणि कितीला? हे लिहून द्याल का? तो लिहून देत नसेल, तर टिकाऊ हा शब्दही त्याने वापरू नये. आणि आपणही.