पेपर परत देताना

आमचे गणिताचे सर तपासलेले पेपर गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटत. शेवटची आठ-दहा मुलं खाली मान घालून जागेवर यायची आणि पेपर न उघडताच दप्तरात कोंबायची. मीही त्यांतलाच. हातचा कुठे विसरला, हे पाहायचं राहूनच जाई. त्या पेपरातून शिकण्याची सर्वाधिक गरज ज्यांना होती, त्यांनीच तो वाचला नाही, याची हळहळ आजही वाटते.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने छडीबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. २०१०मध्ये महाराष्ट्रात आकारिक मूल्यमापन आलं. मूल शिकताना जिथे अडतं, तिथेच त्याला हात द्यायचा, हा त्याचा गाभा. नोंदी सत्राअखेरीस एका बैठकीत भरल्या, तर तो गाभाच हरवतो.

२०१९च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर आपल्याकडे पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परतली आहे. नापास मुलाला फेरपरीक्षा आहे. त्या दोन परीक्षांमधले दिवस मला परीक्षेहून मोलाचे वाटतात. म्हणून या अंकासाठी आम्ही शिक्षकांना एकच विचारलं : पेपर वाटून झाल्यावर पुढच्या तासाला तुम्ही काय करता?