वॉट नव्हे, खोक्याचे हुन्नर विका

स्पीकरच्या धंद्यावर आपल्या कितीतरी भावांचे घर चालते. कोणी खोके बनवतो, कोणी फाटलेला कोन बदलून देतो, कोणी लग्नाच्या मंडपाला साउंड भाड्याने देतो. पण या धंद्यात आज सर्वांत कमी मोल कशाला असेल, तर ते खोका बनवणाऱ्या मिस्त्रीच्या हाताला आहे. त्याला नगावर मजुरी मिळते. दुकानदार माप देतो, मिस्त्री प्लाय कापतो, ठोकतो, रेक्झिन चढवतो आणि पैसे घेऊन जातो. नफा मॅग्नेट विकणाऱ्याचा आणि अ‍ॅम्प्लिफायर विकणाऱ्याचा. त्यात आता प्लॅस्टिकचे ब्लूटूथ स्पीकर घरोघर आले. ते तर सुताराच्या हाताखालून जातच नाहीत.

आमचे म्हणणे असे, की स्पीकरचा एक प्रकार असा आहे ज्यात मोल खोक्याचेच असते. तो म्हणजे एकाच फुल-रेंज स्पीकरवर चालणारा घडीच्या कर्ण्याचा खोका. इंग्रजीत त्याला बॅक-लोडेड हॉर्न म्हणतात. यात वूफर, ट्वीटर, क्रॉसओव्हर अशी फौज नसते. चार किंवा आठ इंची एकच स्पीकर सगळा आवाज काढतो आणि त्याच्या पाठीमागचा आवाज खोक्यात दुमडून बसवलेल्या लांब कर्ण्यातून बाहेर येतो. हा खोका नुसत्या हातोडीने होत नाही, त्याला हिशेब लागतो. म्हणूनच ज्याला तो हिशेब येतो त्याला मजुरी नव्हे, दाम मागता येतो.

कर्णा करतो काय?

कर्णा आपल्याला अनोळखी नाही. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन आजही मांडलेले दिसतात. त्या यंत्राला वीज नव्हती, तरी सुईची बारीक थरथर खोलीभर ऐकू जाई. याचे कारण साधे आहे. हवा हलकी असते आणि स्पीकरचा कोन तिच्या मानाने जड. कोन हलतो, पण हवेला नीट पकड बसत नाही आणि बरीच ताकद फुकट जाते. कर्ण्याचा अरुंद घसा हवेला कोनासमोर धरून ठेवतो आणि हळूहळू रुंद होत तिला तोंडापर्यंत आणतो. थोड्या ताकदीत जास्त आवाज, हा त्याचा फायदा.

बोलपट १९२० च्या दशकाच्या शेवटी आले तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर मोजक्या वॉटचे होते. तरी मोठ्या कर्ण्यांच्या जोरावर सबंध थिएटर भरत असे. त्याच काळात इंग्लंडमध्ये पॉल फॉइग्ट या इंजिनिअराने कर्ण्यांवर काम केले आणि १९३० च्या दशकात घराच्या कोपऱ्यात बसणारा कर्णा बनवला. लोथर या नावाचे फुल-रेंज स्पीकर त्याच परंपरेतले. अमेरिकेत पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात खोलीचा कोपराच कर्ण्याचा भाग समजून खोका आखला आणि १९४६ साली आर्कान्सा राज्यातल्या होप या लहान गावात कारखाना काढला.

पण आपल्या कामाचे उदाहरण जपानचे आहे. तेत्सुओ नागाओका (१९२६–२०००) हे तिथले नामांकित ऑडिओ समीक्षक. त्यांनी फोस्टेक्ससारख्या जपानी कंपन्यांच्या फुल-रेंज स्पीकरसाठी घरी बनवता येतील असे कितीतरी खोके आखून त्यांचे नकाशे छापले. त्यांची मोठी युक्ती अशी, की दोन बाजूच्या फळ्यांच्या मध्ये जेवढ्या पट्ट्या येतात त्या सगळ्या एकाच रुंदीच्या. गोलाई नाही, कोरीवकाम नाही, सगळी कापणी सरळ. प्लायच्या शीटवर पट्ट्या कशा मांडायच्या याचाही विचार केलेला. त्यामुळे ज्याने कधी करवत धरली नाही असा माणूसही दुकानातून फळ्या कापून आणून घरी खोका जोडू लागला आणि त्या नकाशांबरहुकूम फळ्या कापून विकणेही तिथे धंद्याचा भाग झाले. आपल्या प्लायवाल्यांनी आणि मिस्त्रींनी नेमकी हीच गोष्ट उचलण्यासारखी आहे.

हिशेब अवघड नाही

कर्ण्याचे पोट ठरावीक अंतराला दुप्पट होत गेले पाहिजे, हा मूळ नियम. ते अंतर किती? १,९०० ला हर्ट्झने भागा, उत्तर सेंटिमीटरमध्ये मिळते. चाळीस हर्ट्झचा कर्णा आखायचा असेल तर दर साडेसत्तेचाळीस सेंटिमीटरला क्षेत्रफळ दुप्पट. पन्नास हर्ट्झचा असेल तर दर अडतीस सेंटिमीटरला.

आता चार इंची, म्हणजे दहा सेंटिमीटरचा स्पीकर घेऊ. त्याच्या हलणाऱ्या कोनाचे क्षेत्रफळ साधारण पन्नास चौरस सेंटिमीटर भरते. कर्ण्याचा घसा त्याहून थोडा लहान, म्हणजे चाळीस ठेवू. खोक्याची आतली रुंदी सोळा सेंटिमीटर धरली तर घशाची फट अडीच सेंटिमीटर होते. रुंदी शेवटपर्यंत तीच, म्हणून फक्त फट वाढवत न्यायची. साडेसत्तेचाळीस सेंटिमीटरवर पाच, पंचाण्णववर दहा, एकशे साडेबेचाळीसवर वीस आणि एकशे नव्वदवर चाळीस. अर्ध्या टप्प्यावरचे माप हवे असेल तर दुपटीऐवजी १.४ ने गुणा, अडीचचे साडेतीन होतात. एवढाच हा हिशेब. ज्याला जिन्याच्या पायऱ्या काढता येतात त्याला हा येणारच.

ही एकशे नव्वद सेंटिमीटरची वाट खोक्यात दुमडून बसवायची. लांबी वाटेच्या मध्यरेषेवरून मोजायची, कडेने नव्हे. स्पीकरच्या पाठीमागे घशाच्या आधी एक लहान कप्पा लागतो, चार इंची स्पीकरला अडीच-तीन लिटरचा. त्यातली हवा गादीसारखी दबते आणि वरच्या पट्टीचा आवाज कर्ण्यात जाऊ देत नाही. तो आवाज कोनाच्या पुढच्या बाजूनेच ऐकायचा असतो. नमदा किंवा लोकर लावायची ती या कप्प्यात. कर्ण्यात कोंबली तर कर्णा कशासाठी केला, असे विचारावे लागेल.

चाळीस हर्ट्झचा कर्णा आखला म्हणून चाळीस हर्ट्झ पूर्ण जोराने ऐकू येईल, असे नाही. त्यासाठी तोंड दारापेक्षा मोठे करावे लागेल. म्हणून खोका जमिनीवर, भिंतीला टेकवून, जमल्यास कोपऱ्यात ठेवायचा. मग जमीन आणि भिंती कर्ण्याचे उरलेले काम करतात. ग्राहकाला ही गोष्ट विकताना सांगितली पाहिजे, नंतर तक्रार आल्यावर नव्हे.

नजरेने नक्कल नको

इथेच आमची खरी तक्रार आहे. आपल्या बाजारात खोका बाहेरून बघून उतरवण्याची सवय आहे. साध्या खोक्यात ते खपून जाते, कर्ण्यात खपत नाही. बाहेरून दोन खोके सारखे दिसतील, पण एकाचा घसा चाळीसचा आणि दुसऱ्याचा ऐंशीचा असेल तर आवाज जमीन-अस्मानाचा. शिवाय स्पीकर बदलला की घसा बदलतो, कप्पा बदलतो. रेडिओतून काढलेला किंवा मोटारीतला कोणताही चार इंची स्पीकर यात चालत नाही. कोन हलका आणि मॅग्नेट जबर पाहिजे. कंपनीच्या कागदावर क्यूटीएस नावाचा आकडा असतो. तो ०.३ च्या आसपास किंवा खाली असेल तर स्पीकर कर्ण्याच्या लायकीचा. फार वर असेल तर आवाज घुमतो, शब्द कळत नाहीत आणि दोष मिस्त्रीच्या माथी येतो.

कामात तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, सगळ्या पट्ट्या मशीनच्या एकाच सेटिंगवर कापाव्यात. एखादी पट्टी मिलिमीटरने कमी पडली की तिथून हवा निसटते. दुसरी, बाजूच्या फळीवर पूर्ण मापाचा नकाशा काढून, गुण्या लावून पट्ट्या चिकटवाव्यात. शेवटची बाजू आधी नुसत्या स्क्रूने बसवून आवाज ऐकावा आणि खात्री झाल्यावरच डिंक लावून कायमची बंद करावी. तिसरी, प्लाय हलका वापरू नये. कोकणातल्या आणि मुंबईतल्या दमट हवेत हलक्या प्लायचे पदर सुटतात आणि आतला पदर सुटला की खोका करकरतो. अठरा मिलिमीटरचा चांगला प्लाय घ्यावा. वर दिलेल्या मापाची जोडी, कापणी आधी कागदावर नीट मांडली तर, आठ बाय चारच्या एका शीटमध्ये बसू शकते. म्हणजे मालाचा खर्च आटोक्यात आणि किंमत हाताच्या कामाची.

ग्राहक कोण?

दुकानदार विचारतील, की हा माल घेणार कोण? प्रश्न रास्त आहे. ज्याला छाती हादरवणारा बास हवा, त्याच्यासाठी हा खोका नाही. ज्याला खोलीच्या प्रत्येक कोपऱ्यात सारखी चमक हवी, त्याच्यासाठीही नाही. एकाच कोनाची वरची पट्टी समोर बसणाऱ्यालाच नीट लागते. हे दोष लपवू नयेत. पण ज्याला माणसाचा गळा ऐकायचा आहे, गझल, कव्वाली, नात, नाट्यगीत किंवा नुसती रेडिओवरची बातमी, त्याला हा खोका ऐकवून बघावा. गळा एकाच कोनातून, न तुटता येतो. हळू आवाजातही शब्द स्पष्ट राहतात आणि घरातली झोपलेली मुले जागी होत नाहीत.

विजेचा हिशेबही सांगावा. एक वॉटला शहाऐंशी डेसिबल देणारा स्पीकर आणि शहाण्णव देणारा स्पीकर यांत फरक दहापट वॉटचा आहे. पहिल्याला दहा वॉट लागतात तिथे दुसऱ्याचे एका वॉटमध्ये भागते. हातावर मावणारा लहानसा अ‍ॅम्प्लिफायर अशा खोक्याला पुरतो. १९९० च्या दशकात डब्याएवढ्या स्पीकरवर शेकडो वॉट ‘पीएमपीओ’ छापून माल विकला गेला. त्या आकड्याने ग्राहक फसला आणि धंद्याची पतही गेली. ती पत परत मिळवायची तर वॉटचा मोठा आकडा छापून मिळणार नाही. खरे माप सांगूनच मिळेल. माप पुरे द्यावे ही शिकवण आपल्याला काही नवी नाही.

डीजेचे मोठे खोके बनवणाऱ्या भावांनीही याचा विचार करावा. ते काम सणासुदीचे आणि लग्नसराईचे, उरलेले महिने हात रिकामे. त्यावर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचे बंधन आहे, ते सैल होईल या भरवशावर धंदा बांधू नये. बासचे घडीचे खोके ज्यांनी बनवले आहेत त्यांना कर्णा दुमडणे ठाऊकच आहे. घरगुती खोक्यात तेच कसब, फक्त बारीक मापाचे.

दाम कसा मागावा?

आमची सूचना अशी. खोक्याचे एकरकमी मोल सांगू नये. नकाशा आणि हिशेब, कापणी, जोडणी, पॉलिश, असे चार भाग करून प्रत्येकाचा दाम वेगळा लिहावा. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत तो कापलेल्या पट्ट्यांचा संच घेऊन घरी जोडील. कॉलेजची मुले असा संच आनंदाने घेतील. ज्याला वेळ नाही तो तयार माल घेईल. दोघांकडूनही हिशेबाचा दाम मिळेल, जो आज कोणी देत नाही, कारण कोणी मागत नाही.

दुसऱ्याचा छापील नकाशा विकायचा असेल तर त्याची परवानगी घ्यावी. नाहीतर वर दिलेल्या नियमाने आपला स्वतःचा नकाशा काढावा, तेच जास्त बरकतीचे. प्रत्येक खोक्याच्या पाठीवर कोणत्या स्पीकरसाठी तो बनवला, घसा किती, लांबी किती, प्लाय कोणता, साल कोणते आणि मिस्त्री कोण, हे लिहावे. आज खोक्यावर कंपनीचे नाव असते, दुकानाचे असते, हात कोणाचा ते कुठेच नसते. उस्तादाने शागिर्दाला नुसती करवत धरायला न शिकवता भागाकारही शिकवावा.

सुरुवातीला चालता धंदा सोडू नये आणि कर्जही काढू नये. एक जोडी बनवावी, दुकानात कोपऱ्यात लावावी, येणाऱ्या-जाणाऱ्याला एखादी आवडती चीज ऐकवावी आणि ऑर्डर आली तरच पुढची शीट कापावी. लॅमिंग्टन रोडवर आणि गावोगावच्या साउंडवाल्यांकडे स्पीकर कोणीही विकू शकतो. त्याच्या मापाचा कर्णा आखून देणारा माणूस मात्र शोधावा लागतो. ज्याला शोधत लोक येतात तो आपला दाम स्वतः सांगतो. आपल्या मिस्त्रींनी ती जागा घ्यावी, हे आमचे कळकळीचे सांगणे आहे.