लोक आपल्या शाळेला काय समजतात?

लग्नकार्यात कुणी विचारलं, "कुठल्या शाळेत आहात?" तर आपण शाळेचं नाव सांगतो, की "झेडपीलाच आहे हो" म्हणून विषय संपवतो? त्या एका 'च'मध्ये बरंच काही दडलेलं असतं. समोरचा अजून काही बोललेलाही नसतो. तो काय म्हणेल हे आपणच ठरवून मोकळे होतो.

बाहेरचे आपल्या संस्थेला कसं पाहतात, याबद्दल आतल्या माणसांचा जो समज असतो, तो मोजता येतो. १९९१ साली जेन डटन आणि जॅनेट ड्युकरिच यांनी न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या पोर्ट ऑथॉरिटीचा अभ्यास मांडला. तिथल्या बस टर्मिनलमध्ये बेघर माणसं आसऱ्याला येत. त्यांच्या प्रश्नावर संस्था काय करते, यावर कर्मचाऱ्यांच्या अशा समजाचाही परिणाम होत गेला. पुढच्याच वर्षी माएल आणि अॅशफोर्थ यांनी एका कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांना छोटी प्रश्नावली दिली. लोकांमध्ये आपल्या कॉलेजला किती मान आहे असं तुम्हाला वाटतं, अशा धर्तीचे प्रश्न त्यात होते.

आपल्याकडे पालकांचे अभिप्राय घेतात, पण शिक्षकांना हे कोण विचारतं? माझ्या मते विचारायलाच हवं. काम एका कागदाचं आहे. "शाळा चांगली आहे का?" असं मात्र विचारू नका, ते शिक्षकाचं स्वतःचं मत झालं. "गावातल्या पालकांना आपली शाळा कशी वाटते, असं तुम्हाला वाटतं?" असं विचारा आणि एक ते पाच गुण द्यायला सांगा. पालक, अधिकारी आणि आपले नातेवाईक यांचे प्रश्न वेगवेगळे ठेवा, कारण पुष्कळदा टोचत असतं ते नातेवाइकांचं बोलणं आणि राग निघतो गावावर! कागदावर नाव नको. आणि मुख्याध्यापकांसमोर तर मुळीच भरून घेऊ नका, नाहीतर सगळीकडे पाचपैकी पाच.

मग तोच प्रश्न पालकांना सरळ विचारा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. शिक्षक दोन म्हणतात आणि पालक चार, तर गावाची समजूत काढायची गरजच नाही. बोलायला हवं ते स्टाफरूममध्ये. उलट शिक्षक चार म्हणतात आणि पालक दोन, तर इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात का फिरते हे शिक्षकांना कळलेलंच नाही. पुढच्या पालकसभेत निम्मा वेळ नुसतं ऐकायला ठेवावा लागेल.