इठोबाच्या गाडीची धाकटी बहीण

लातूरहून पंढरपूरला जाणाऱ्या छोट्या गाडीला सगळा मुलूख 'बार्शी लाईट' म्हणायचा. माझी आजी तिला 'इठोबाची गाडी' म्हणायची. आमच्या सास्तूरहून एस.टी.नं लातूर गाठायचं, तिथं गाडीत बसायचं आणि मुरूड, ढोकी, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी करत दिवस कलताना पंढरपुरात उतरायचं. मी नऊ वर्षांचा असताना, आषाढीची गर्दी ओसरल्यावर, तिनं मला पहिल्यांदा नेलं. डबा इतका अरुंद की समोरच्याच्या गुडघ्याला आपला गुडघा लागायचा. येडशीजवळ रामलिंगाचं जंगल आलं आणि चढाला गाडी एवढी हळू झाली की आजीनं खिडकीतून हात घालून पळसाचं पान तोडलं. लुगड्याच्या पदरानं पुसलं आणि त्यावर दशमी ठेवून माझ्या हातात दिली.

ती लाईन आता मोठ्या मापाची झाली आहे. आजी १९९३ साली गेली. त्याबद्दल पुढं लिहितो.

यंदा मे महिन्यात मी त्या गाडीच्या धाकट्या बहिणीला भेटून आलो. माझी पुतणी इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटजवळ एका दवाखान्यात नर्स आहे. तिच्याकडं महिनाभर राहायला गेलो होतो. एका रविवारी सकाळी ती म्हणाली, "काका, तुमच्या बार्शी लाईटच्या साहेबानं इथंही एक लाईन टाकली होती. आता तिथून लोक चालत जातात. बोगदासुद्धा आहे. याल का?"

बोगदा म्हटल्यावर मी गप्प झालो. तिला कारण माहीत होतं. म्हणूनच तिनं "चला" न म्हणता "याल का" विचारलं.

आधी साहेबाविषयी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे त्याचं नाव. १८८२ साली तो जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी तेव्हाही मोठी बाजारपेठ होती, पण रेल्वे तिला टाळून वीसेक मैलांवरून गेलेली. आजचं कुर्डुवाडी तेव्हा 'बार्शी रोड' म्हणून ओळखलं जायचं. तेवढं अंतर माल बैलगाडीनं जायचा. कॅलथ्रॉपच्या डोक्यात बसलं की इथं मोठ्या रेल्वेचा खर्च परवडणार नाही, पण हलकी, अडीच फुटी रुंदीची रेल्वे परवडेल. त्यानं पुढं नोकरी सोडली, लंडनमध्ये भांडवल उभं केलं, १८९५ साली कंपनी काढली आणि १८९७ साली बार्शीला गाडी आणली.

त्याची युक्ती आपल्या गाडीवानाला पटकन कळेल अशी आहे. इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालाची वाघीण, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. ओझं सगळ्या आसांवर सारखं वाटून द्यायचं. मग रूळ हलके चालतात, त्यांचं वजन यार्डाला तीस पौंड असलं तरी पुरतं, आणि हलक्या रुळावरून भरपूर माल नेता येतो. हे लोकांना पटावं म्हणून त्यानं १८९६ साली लीड्सजवळ चाचणीची लाईन टाकून बार्शीचे डबे आधी तिथं चालवून दाखवले. त्या हिशेबावर ही लाईन १९०६ साली पंढरपूरला, १९११ साली निजामाच्या मुलखातून लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोचली. पंढरपूरला गाडीनं गेलेल्या आमच्याकडच्या कितीतरी पिढ्या या एका माणसाच्या हिशेबावर बसून गेल्या. माणूसही विलक्षण होता. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स १९१० साली विमान कोसळून गेला. ते पाहिल्यावर कॅलथ्रॉप वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्यामागं लागला आणि ते त्यानं बनवलंही.

बार्शीची लाईन पाहूनच त्याला इंग्लंडातलं काम मिळालं. स्टॅफर्डशायरच्या डोंगरात मॅनिफोल्ड नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात वॉटरहाउसेस ते हल्म एंड अशी तेरा किलोमीटरची लाईन १९०४ साली सुरू झाली. माप तेच अडीच फुटी. इंजिनं लीड्सच्या किटसन कारखान्यातली, बार्शीची इंजिनं जिथं घडली तिथलीच. दोनच इंजिनं होती आणि त्यातल्या एकाचं नाव 'ई. आर. कॅलथ्रॉप'. कपाळावर मोठा दिवा, डब्यांना टोकाला सज्जे, सगळा थाट हिंदुस्थानी गाडीचा. इंग्लंडच्या हिरव्या दरीतून आपल्या उन्हासाठी बेतलेली गाडी तीस वर्षं दुधाच्या किटल्या वाहत होती. पुढं दूध मोटारींनी जाऊ लागलं, प्रवासी पहिल्यापासूनच तुरळक होते, आणि १९३४ साली लाईन बंद पडली. रूळ उखडून भंगारात गेले.

उरली ती नदीकाठची चिंचोळी पट्टी. ती रेल्वे कंपनीनं स्टॅफर्डशायरच्या काउंटी कौन्सिलला, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेला, देऊन टाकली. कौन्सिलनं १९३७ साली तिथं पायवाट केली. हे साल मला पुन्हा पुन्हा आठवतं. तेव्हा आपली मिरजेची लाईन जेमतेम दहा वर्षांची होती, आणि तिकडं धाकटी बहीण संपून तिची वाट झालीसुद्धा.

आम्ही हल्म एंडहून चालायला लागलो. वाटेवर डांबर आहे, चढ जवळजवळ नाहीच. छोट्या इंजिनाला चढ सोसत नाही म्हणून इंजिनिअर वाट नदीच्या कडेनं सपाट नेतो. त्याचा फायदा आज गुडघे दुखणाऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसांना मिळतो. डोंगर चढायची ताकद नसलेला माणूस डोंगराच्या पोटात जाऊन येतो. झाडांखाली रानलसूण फुललेला आणि सगळ्या हवेला त्याचा वास. ही नदी चुनखडीतून वाहते. कोरड्या दिवसांत पुढं वेटन मिलपाशी ती जमिनीत शिरते आणि काही मैल खालून जाऊन पुन्हा वर येते.

मी मात्र बराच वेळ शेतांच्या बांधांकडं बघत होतो. तिथले बांध दगडाचे आहेत आणि त्यात ना माती, ना चुना. नुसता दगडावर दगड. एका ठिकाणी बांध ढासळलेला होता, त्यामुळं त्याचं पोट दिसत होतं. दोन बाजूंनी दोन थर आणि ठरावीक उंचीवर दोन्ही थरांना धरून ठेवणारे लांब, आरपार दगड. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्याकडं आलेल्या इंजिनिअरांनी गवंड्यांना हेच शिकवलं होतं. 'थ्रू स्टोन' हा शब्द सास्तूरच्या अडाणी गवंड्याच्याही तोंडी तेव्हा बसला. आमच्या जुन्या भिंतीत ते दगड नव्हते. आतला थर आत पडला आणि बाहेरचा बाहेर.

मग बोगदा आला. स्वेन्सली त्याचं नाव. लांबी जेमतेम दीडशे मीटर. तो का खोदला याची गोष्ट तिकडं अशी सांगतात, की शेजारच्या वाड्यात सर थॉमस वॉर्डल राहायचे आणि त्यांना दारातून गाडी दिसायला नको होती, म्हणून ती डोंगरातून नेली. हे वॉर्डल लीक गावचे रेशीम रंगवणारे, आणि रेल्वेचे संचालकही. आपल्या टसर रेशमावर रंग चढत नसे, तो चढवण्यासाठी त्यांनी आयुष्य घातलं. त्यापायी १८८५–८६ च्या सुमारास बंगालपर्यंत येऊन गेले. छोट्या गाडीच्या मानानं बोगद्याचं तोंड मात्र बरंच मोठं आहे. कॅलथ्रॉपनं मोठ्या मापाच्या वाघिणी छोट्या गाडीच्या पाठीवर लादून न्यायची सोय केली होती. त्या आत मावाव्यात म्हणून एवढी उंची.

मी बाहेरच थांबलो.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक नुकते आडवे झाले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आमचं घर माळवदाचं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, तुळयांवर हातभर पांढरी माती. उन्हाळ्यात असं गार घर दुसरं नाही. ते सगळं अंगावर आलं. माझ्यावर एक तुळई तिरपी पडली आणि तिच्याखाली श्वासापुरती जागा राहिली. आजी माझ्यापासून चार हातांवर होती. पहिला काही वेळ ती माझं नाव घेत होती. मी ओ देत होतो. मग तिचं नाव घेणं थांबलं. मला बाहेर काढलं तेव्हा ऊन वर आलं होतं.

तेव्हापासून मी लिफ्टमध्ये जात नाही. दार लावून झोपत नाही. मुंबईला जाताना बोरघाटाचे बोगदे लागले की डोळे मिटून पुढच्या उजेडाची वाट बघतो. तिथं १८६३ साली लाईन सुरू झाली तेव्हा पंचवीस बोगदे होते, आणि ते खोदणाऱ्या हजारो मजुरांतले कितीतरी पटकीनं गेले. हे मी वाचलेलं आहे. त्या बोगद्यांतून मी कधी डोळे उघडे ठेवून गेलो नाही.

स्वेन्सलीच्या तोंडाशी पुतणी माझ्याजवळ उभी राहिली. "टॉर्च देऊ का, काका? नाहीतर इथूनच परत फिरू. मला काही वाटणार नाही." तेवढ्यात सायकलवरून एक बाप आणि त्याची दोन पोरं आली. पोरं आत शिरली आणि बोगदा घुमावा म्हणून आरोळ्या ठोकू लागली. आपल्याकडची पोरं विहिरीत डोकावून घालतात तसल्याच. पोरगं आरोळी द्यायचं, भिंती ती परत करायच्या, मग दुसरं पोरगं द्यायचं. अंधारातून हाका येत होत्या आणि प्रत्येक हाकेला ओ मिळत होती.

मी आत गेलो. एक हात भिंतीवर ठेवला. गार, ओलसर. वरून मानेवर एक थेंब पडला. हा रस्ता मोटारींनाही मोकळा आहे. मधेच एक मोटार आली, दिवे मंद करून बैलगाडीच्या चालीनं आमच्या बाजूनं गेली आणि आतल्या माणसानं हात वर केला. पुतणी माझ्याशी बोलत नव्हती, फक्त तिच्या बुटांचा आवाज माझ्या बरोबरीनं येत होता. मी पावलं मोजली. दोनशे बारा. बाहेर आल्यावर रस्त्याच्या कडेला दगडावर बसलो आणि तिनं डब्यातलं धपाटं काढून दिलं. ते खाताना माझा हात थरथरत होता, आणि तरी इतकं चवीनं मी बऱ्याच दिवसांत काही खाल्लं नव्हतं.

परत आल्यापासून हे डोक्यात घोळतंय. भूकंपानंतर आमच्या भागात बावन्न गावं उठून नव्या जागी गेली. जुन्या सास्तूरच्या पांढरीत आता बाभळी आहेत. मी तिथं वर्षातून एकदा जायचो, ३० सप्टेंबरला, सगळ्यांसोबत. गेल्या महिन्यात एका साध्या मंगळवारी एकटा गेलो. आमच्या घराचा उंबरा शोधायला अर्धा तास लागला. दगड शाबूत आहे, मधोमध पावलांनी झिजलेला. तिथं तासभर बसलो. एक गुराखी आला, कुणाचं घर म्हणून विचारलं, त्याला सांगितलं. पुढच्या खेपेला नातवाला घेऊन जाणार आहे.

आणि येडशीचं. २००७–०८ साली बार्शी लाईटचा लातूर ते कुर्डुवाडी हा भाग मोठ्या मापाचा झाला. धाराशिव शहर रेल्वेला जोडायचं म्हणून नव्या लाईनीला वळसा दिला, आणि येडशी ते कळंब रोड हा जुना मार्ग बाजूला पडला. शहराला रेल्वे मिळाली हे चांगलंच झालं, त्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केली होती. पण त्या सुटलेल्या पट्टीचं काय करायचं याचा विचार कुणीतरी मनावर घेतला पाहिजे. शेजारी रामलिंगाचं अभयारण्य आहे. श्रावणी सोमवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते, धबधबा सुरू झाला की मोटरसायकलींची रांग लागते, आणि संध्याकाळी मागं पत्रावळ्या आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या उरतात. येणाऱ्याला एक धबधबा आणि एक देऊळ याशिवाय दुसरीकडं कुठं वळताच येत नाही. जुन्या मार्गाचा जेवढा तुकडा मोकळा सापडेल तेवढ्यावर मुरूम टाकून, दोन्ही कडांना पळस, कडुनिंब लावून वाट केली, तर म्हाताऱ्या माणसांनाही तिथून हिंडता येईल. छोट्या गाडीसाठी बांधलेली वाट आहे, फार चढाची असणार नाही. एखाद्या जुन्या मोरीजवळ पाटी लावावी: बार्शी लाईट इथून जायची, ती कुणी आखली, आणि तिचा भराव आपल्याच गावांतल्या माणसांनी टोपल्यांनी टाकला. त्या माणसांची नावं कुठं लिहिलेली नाहीत. घराघरांतून विचारलं तर काही अजून निघतील. विचारणारा लवकर निघाला पाहिजे, कारण सांगणारे ऐंशीच्या पुढं गेले आहेत.

त्यासाठी आधी ती वाट पायानं बघायला हवी. श्रावणातल्या पहिल्या रविवारी मी येडशीला उतरणार आहे. चालू लाईनीच्या जवळ जायचं नाही, आणि ज्याच्या शेतातून जावं लागेल त्याला विचारूनच जायचं. सकाळी सातला स्टेशनबाहेर जमू. पाणी ज्यानं त्यानं आणावं. दशम्या मी आणीन, पळसाची पानं तिथं मिळतील.